रविवार कुणाचा?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'मुलाबाळांसकट कमी खर्चाच्या सहली' असा विषय छापलेला आहे. तो वाचून सकाळी दोघीतिघी हसल्या. एकीनं तर चहाच्या वेळी विचारलंच, "ताई, काल कौटुंबिक हिंसाचार, आज सकाळी रेशन, दुपारी पोटगी. यात मध्येच ही सहल कुठून आली?"

प्रश्न रास्त आहे. पंधरा वर्षांपूर्वी मीही हाच विचारला असता. आमच्या गटात कुणी सहलीचा विषय काढला, की मी म्हणायचे, "आधी नळाचं बघू, मग फिरायचं बघू." नळाचं अजून बघतोच आहोत. मधल्या काळात मुलं मोठी झाली आणि बाया म्हाताऱ्या झाल्या. म्हणून हा विषय मला कुणी दिलेला नाही, मी मागून घेतलेला आहे.

आमची पहिली सहल कशी झाली ते आधी सांगते. ती फसली होती, आणि फसली म्हणूनच आम्ही शहाण्या झालो.

आमचा गट पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वस्तीतला. बहुतेक बाया चार-पाच घरची धुणी-भांडी, स्वयंपाक करणाऱ्या. फाल्गुनात एका रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बागेत जायचं ठरलं. नवरे, मुलं, सासवा धरून चाळीसेक माणसं. आता एवढी माणसं जाणार म्हटल्यावर जेवण पाहिजे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा, दहीभात. बाया पहाटे साडेतीनला उठल्या. दोन बस बदलून डबे, पातेली, सतरंज्या बागेत नेल्या. पुरुषांनी सावली बघून पत्ते मांडले. मुलं उधळली. बायांनी वाढलं, वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाल्लं, बागेतल्या नळावर पातेली घासली, रडणारी पोरं घेतली, हरवलेली चप्पल शोधली आणि संध्याकाळी सहाला घरी येऊन परत स्वयंपाकाला लागल्या.

पुढच्या बैठकीत मी मोठ्या उत्साहात विचारलं, "सहलीत काय काय पाहिलं, सांगा बघू." मुलांनी भरभरून सांगितलं. मग एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, मी तिथला नळ पाहिला. घरी पण नळ, तिथं पण नळ."

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. सहल सगळ्यांची झाली होती, फक्त जिनं ती उभी केली तिची झाली नव्हती. आम्ही बाईला घराबाहेर काढलं होतं, पण तिच्या डोक्यावर घर देऊन.

आता मी थोडी मागे जाते. आपल्याकडे रविवारची सुट्टी आली कुठून? ती कुणी दानात दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली.

म्हणजे बघा, रविवार मागायला बाया उभ्या राहिल्या होत्या. मिळाल्यावर मात्र तो कुणाच्या वाट्याला गेला? रविवारी सगळे घरी, म्हणून नाश्ता वेगळा, जेवण वेगळं, चादरी धुवायच्या, दळण आणायचं, पाहुणे यायचे. आमच्या घरकामगार बायांना तर ज्यांच्याकडे काम करतात त्यांच्या रविवारचंही काम असतं. गिरणीतला रविवार मिळाला, चुलीपुढचा रविवार अजून मिळायचा आहे.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं घालवतात. जे पुरुष काहीच करत नाहीत ते या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत. आणि सवा तीन तासांची ही तफावत रोजची आहे, त्यात रविवारही आला.

विश्रांती ही चैन आहे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसावं कलम विश्रांतीचं आणि फुरसतीचंच आहे. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून 'सर्व मानव' असे करायला लावले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. मुलांच्या हक्कांच्या करारातलं एकतिसावं कलम मुलांच्या विश्रांतीचं आणि खेळाचं आहे. भारतानं तो करार १९९२ मध्ये मान्य केला. म्हणजे आई आणि मूल दोघांचाही हा हक्क कागदावर आहे. आपलं काम तो कागदावरून खाली आणायचं.

तर पहिल्या सहलीनंतर आम्ही बसलो आणि नियम केले. ते सांगते, वहीत लिहून घ्या. पटले नाहीत तर तुमचे तुम्ही करा, पण नियम मात्र करा.

पहिला नियम, सहलीसाठी वेगळा स्वयंपाक नाही. रोजची भाकरी किंवा चपाती, कोरडी चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे, काकडी. प्रत्येक घरानं आपला डबा आपण आणायचा. एकत्र बसल्यावर आपोआप दहा प्रकारच्या चटण्या होतात. भांडी न्यायची नाहीत, म्हणजे घासायची नाहीत. पहिल्यांदा दोन सासूबाई रुसल्या. "सहल म्हणायची आणि भाकरी खायची?" म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी त्याच पुढे होत्या.

दुसरा नियम, जो पुरुष येईल तो मुलं सांभाळेल. 'मदत करेल' असं आम्ही म्हणत नाही. मूल त्याचंही आहे. पाणी कुणी भरायचं, लहान मूल कडेवर कुणी घ्यायचं, शू-शीला कुणी न्यायचं हे आदल्या बैठकीत नावानिशी ठरतं. हे ऐकल्यावर पहिल्या वर्षी पुरुषांची संख्या निम्म्यानं घटली. चालेल. नंतर काही परत आले, कारण मुलांनीच त्यांना ओढून आणलं.

तिसरा नियम, उन्हाआधी परत. वसंत ऋतू म्हणायला गोड असतो, पण आपल्याकडे मार्च-एप्रिलचं दुपारचं ऊन मुलांना सोसत नाही. सकाळी साडेसहाला निघायचं, साडेदहापर्यंत सावलीत किंवा घरी. सहल चार तासांची असली तरी ती सहलच असते.

चौथा नियम, जागा आधी दोघींनी पाहून यायची. पाणी कुठे, संडास कुठे, तो उघडा असतो का, सावली किती, बस किती वाजता. याबद्दल पुढे बोलेन.

पाचवा नियम पैशांचा. संक्रांतीपासून प्रत्येकीनं आठवड्याला दहा रुपये डब्यात टाकायचे. आठ आठवड्यांत ऐंशी रुपये होतात. गेल्या खेपेला आम्ही बावीसजणी होतो, म्हणजे सतराशे साठ रुपये जमले. पैसे बाईच्या नावानं जमा होतात, त्यामुळे सहलीच्या दिवशी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. जिला दहा जमत नाहीत ती पाच टाकते. हिशेब ठेवणारी सोडून ते कुणाला कळत नाही.

आता जायचं कुठे? मी पुण्याची आहे, म्हणून पुण्याची ठिकाणं सांगते. तुमच्या गावची तुम्ही शोधा. शोधायला लागलात की सापडतात, कारण लांबची ठिकाणं आपल्याला माहीत असतात आणि जवळची नसतात.

दुसरी सहल आम्ही पर्वतीवर काढली. बाया म्हणाल्या, "ताई, चेष्टा करता का? पर्वती तर रोज समोर दिसते." मी विचारलं, "वर किती जणी गेलाय?" बावीसपैकी नऊ हात वर झाले. त्यातल्याही चौघी लग्नाआधी किंवा लग्नात पाया पडायला गेलेल्या. ज्या मावशींनी नळ पाहिला होता, त्या बावीस वर्षं पर्वतीच्या पायथ्याच्या सोसायट्यांमध्ये भांडी घासत होत्या. वर एकदाही गेलेल्या नव्हत्या. वेळ नव्हता आणि कारणही नव्हतं. बाईला बाहेर पडायला कारण लागतं. दळण, देव, दवाखाना, बाजार. नुसतं जावंसं वाटलं हे कारण धरत नाहीत. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी याच गोष्टीवर अभ्यास केला. 'व्हाय लॉयटर?' हे त्यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं. कामाशिवाय, उगाच, शहरात रेंगाळता येणं हाही बाईचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. वस्तीतल्या बाईला तर ते आणखी लागू.

पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या आहेत. उंची ठेंगणी आणि पायऱ्या रुंद, त्यामुळे म्हाताऱ्याही बसत-उठत चढल्या. वर मुलांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधून घेतलं. ही गोष्ट शाळेतही सांगतात. दुसरी शाळेत फारशी सांगत नाहीत. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये याच पायऱ्यांवर दलितांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज हे त्यात पुढे होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली आणि त्या वेळी दार उघडलं नाही. आमच्या गटात सगळ्या जातींच्या बाया आहेत. त्या पायऱ्यांवर बसून एकमेकींची चटणी खाताना ही गोष्ट सांगितली, तेव्हा जरा शांतता झाली. मग एका मुलानं विचारलं, "दगड कुणी मारले?" त्याचं उत्तर आम्हाला द्यावं लागलं. सहलीत असेही प्रश्न येतात, त्याची तयारी ठेवा.

मग त्या मावशी कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली वस्ती दिसत होती. त्यांनी आपलं घर शोधलं. पत्र्यावर निळा प्लास्टिकचा कागद टाकलेला होता, त्यावरून ओळखलं. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढंसं घर. एवढ्याशा घराला दिवसभर लागतो होय गं?"

मैत्रिणींनो, बिनपगारी घरकामावर मी कितीतरी शिबिरं घेतली आहेत. फळ्यावर घड्याळ काढून चोवीस तासांचा हिशेब मांडला आहे. पण त्या बाईला तो प्रश्न शिबिरात पडला नाही, पर्वतीवर पडला. घरापासून थोडं लांब, थोडं वर उभं राहिल्याशिवाय घर दिसत नाही. सहलीचा उपयोग काय असं कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगते.

दुसरं ठिकाण गंज पेठेतला महात्मा फुले यांचा वाडा. १० मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि त्यातच त्या गेल्या. त्याच्या जवळच्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन जातो. जोतीरावांचा जन्मदिवस ११ एप्रिल, तेव्हाही जाता येतं, पण गर्दी असते. ते राहतं घर होतं, त्यामुळे मुलांना ते कळतं. आवारात जोतीरावांची समाधी आहे. पाण्याचा हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, ही गोष्ट तिथे उभं राहून सांगितली की भाषणापेक्षा जास्त पोचते. आमच्या वस्तीतल्या मुलांना पाण्याच्या रांगेतली भांडणं पाठ आहेत. स्वतःच्या हौदावर दुसऱ्याला बोलावणं ही काय चीज आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं ठिकाण टेकडी. पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आहे. तुमच्याकडे माळ असेल, ओढा असेल, नदीकाठ असेल. वसंतात तिथे तिकीट न काढता बघण्यासारखं पुष्कळ असतं. पानं झडून गेलेली काटेसावर लाल फुलांनी भरते. पांगारा आणि पळस फुलतात. सोनसावरीची पिवळीधमक फुलं उघड्या फांद्यांवर येतात. टेकड्यांवर वनखात्यानं लावलेलं गिरीपुष्प गुलाबी होतं. त्याच्या बिया उंदरांना विषारी म्हणून त्याला उंदीरमारी म्हणतात, तेव्हा मुलांना त्याच्या शेंगा तोंडात घालू देऊ नका. पिंपळाला तांबूस पालवी फुटते, करंज कोवळ्या पानांनी चमकतो. वावळाच्या कागदासारख्या पातळ चकत्या वाऱ्यानं उडतात, त्यांच्यामागे मुलं तासभर पळतात. तांबट पक्षी एकसारखा टुकटुक करत असतो. तो आधी कोण शोधतो याची शर्यत लावा.

झाडांची माहिती सांगायला बाहेरचा तज्ज्ञच पाहिजे असं नाही. आमच्यातल्या निम्म्या बाया दुष्काळी भागातल्या खेड्यांतून आलेल्या. कुठल्या झाडाचा पाला शेळी खाते, कशाचा डिंक काढतात, करवंदाची जाळी कधी पिकते, हे त्यांना ठाऊक असतं. शहरात या ज्ञानाला किंमत नाही, म्हणून त्या गप्प असतात. टेकडीवर मात्र आईला सगळं येतं आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला काही येत नाही, असा उलटा देखावा होतो. एका सातवीतल्या मुलीनं आपल्या आईकडे त्या दिवशी जसं पाहिलं, तसं आधी कधी पाहिलेलं नव्हतं. आईनंच मला हे नंतर सांगितलं. टेकडीवर चूल मात्र मांडायची नाही. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका काडीनं डोंगर जळतो.

चौथं ठिकाण थोडं लांबचं, भाजे लेणी. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं मळवलीला उतरायचं आणि चालत भाजे गाव गाठायचं. तिकीट थोडक्यात होतं. लेण्यांच्या तिकिटात पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफी आहे. लोकलच्या वेळांमध्ये बरंच अंतर असतं, म्हणून येण्याच्या आणि जाण्याच्या गाड्या आधी विचारून ठेवा. लेण्यांत आग्या मोहोळं असतात. धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका, मुलांना दगड मारू देऊ नका.

भाजेला का जायचं, तर तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायांची खूण आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांपैकी एका लेखात दान देणाऱ्या बाईचं नाव 'बाधा' असं आहे आणि पुढे लिहिलंय, हालिकाची, म्हणजे नांगरकऱ्याची, बायको. तिचं नाव दगडात कोरलं आहे, नवऱ्याचा नुसता धंदा कोरला आहे. आमच्यातल्या एकीनं लगेच म्हटलं, "आणि माझ्या दारावर अजून ह्यांचीच पाटी." पुढच्या महिन्यात तिनं पाटी बदलली. खडूनं लिहिली आहे, पण दोघांची नावं आहेत.

खेड्यापाड्यातल्या गटांसाठी एक माहिती. मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत बायांना राज्यात निम्मं भाडं आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं तिकीट लागतं आणि पाचच्या आतल्यांना काहीच नाही. म्हणजे पूर्वी एका बाईच्या भाड्यात आता आई आणि एक मूल जातं. ही सवलत आपण माहेरी, दवाखान्यात आणि कोर्टात जायला वापरतो. कधीतरी नुसतं जाण्यासाठीही वापरा.

आता अडचणी. कारण इथून परत गेल्यावर तुम्हाला त्याच भेटणार आहेत.

पहिली, परवानगी. 'पोरांना घेऊन जाते' म्हटलं की परवानगी मिळते, 'मी जाते' म्हटलं की मिळत नाही. आम्ही मुलांच्या नावानं सुरुवात केली हे मी कबूल करते. पण तेवढ्यावर थांबू नका. तिसऱ्या वर्षी आम्ही एक सहल फक्त बायांची काढली आणि मुलं त्या दिवशी वडलांकडे ठेवली. अकराजणीच येऊ शकल्या. त्या अकराजणी दुपारी झाडाखाली झोपल्या. मी बसून पाहत होते. भर दिवसा उघड्यावर निर्धास्त झोपलेल्या बाया मी तोवर पाहिल्याच नव्हत्या. पुरुष कुठेही झोपलेले दिसतात, बाकावर, ओट्यावर, हातगाडीवर. बाई नाही.

त्याच सहलीत एकजण झोपेतून उठली आणि तिनं दंडावरचे वळ दाखवले. गटात ती चार वर्षं येत होती. दर बैठकीला बसायची, काही बोलायची नाही. बैठक वस्तीतच व्हायची आणि वस्तीत भिंतींना कान असतात. तिच्या पुढच्या लढाईची गोष्ट वेगळी आहे, ती तिची आहे, मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते, की सुरुवात त्या झाडाखाली झाली. काल हिंसाचारावर चर्चा झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाया बोलत नाहीत. बोलायला जागा लागते. तिथे कुणी ऐकत नसावं आणि कुणी हाक मारत नसावं.

दुसरी अडचण संडासची. एका उद्यानात आम्ही पाहणीला गेलो तर बायांच्या संडासाला कुलूप. रखवालदार म्हणाला, "बायका येतच नाहीत, उघडून काय करू?" आणि कुलूप आहे म्हणून बाया येत नाहीत. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या मोहिमेनं हाच प्रश्न लावून धरला, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायांना पैसे का? आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र दिलं, मग दुसरं दिलं. तिसरं द्यायला सोळा बाया आणि नऊ मुलं गेली, आणि मुलांना खरंच शू लागलेली होती. कुलूप निघालं. आता तिथे आमच्या ओळखीच्या नसलेल्या बायाही येऊन बसतात. हे सहलीचं काम की संघटनेचं, तुम्हीच ठरवा.

तिसरी अडचण, आपल्याच यादीतून सुटलेल्या. वसंत आला की आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. बायांना एकत्र बसायला, हसायला, आंब्याची डाळ आणि पन्हं घ्यायला आपल्या आज्यांनी काढलेली ती वाट होती. पण तीत विधवेला जागा नव्हती आणि प्रत्येक जातीचं अंगण वेगळं. आम्ही चैत्रात डाळ-पन्ह्याची संध्याकाळ करतो. कैऱ्या सगळ्यांच्या, अंगण मोकळं, कुंकवाचा करंडा नाही. विधवा, टाकलेल्या, लग्न न केलेल्या, सगळ्या. तरीही सुरुवातीला एक घर सुटलं होतं. त्या घरातला मुलगा चालू शकत नाही, म्हणून आईनं यायचं सोडून दिलं होतं आणि आम्ही तिला विचारायचं सोडून दिलं होतं. दोष आमचा होता. आता वर्षातली एक सहल सपाट जागेत, रिक्षा दारापर्यंत जाईल अशा ठिकाणी ठरते आणि त्या रिक्षाचं भाडं डब्यातून जातं. सहल ठरवताना आधी विचारा, कोण येऊ शकणार नाही? मग ठिकाण ठरवा.

शेवटी एवढंच. आपण कार्यकर्त्यांनीही स्वतःला विचारावं, शेवटची फिरायला कधी गेलात? मोर्चाला नव्हे, शिबिराला नव्हे, नुसतं? आपल्या चळवळीत दमलेल्या बायांचा मान फार मोठा आहे. जी जास्त दमते ती जास्त खरी, असं आपल्याला वाटतं. सासू सुनेला जे शिकवते, तेच आपण एकमेकींना शिकवत नाही ना, हे तपासून पाहायला हवं.

म्हणून माझी सूचना आहे. परत गेल्यावर पहिल्या बैठकीत ठरावाच्या वहीत एक ठराव लिहा. फाल्गुन-चैत्रातला एक रविवार गटातल्या बायांचा. त्या दिवशी जादा स्वयंपाक नाही. ठिकाण दोन बसच्या आतलं. डबा आपला आपण. कोण येणार नाही याची यादी आधी, कोण येणार याची नंतर. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

त्या मावशी यंदाही पर्वतीवर आल्या होत्या. आता गुडघे दुखतात, तीनदा बसल्या. वर पोचल्यावर नातीला कठड्याशी नेलं आणि म्हणाल्या, "ते बघ आपलं घर." नात म्हणाली, "आज्जी, किती छोटं!" मावशी म्हणाल्या, "हो. लक्षात ठेव."